राणीवर पांढरी रेघ

"भाभी, तमे वच्चे वच्चे शुं बोल्या करो छो? भाईने काम करवा दो ने!"

गॅरेजच्या अर्ध्या उघड्या शटरखालून मी आत शिरत होते तेव्हा हे कानावर पडलं. म्हणणारे होते हसमुखभाई. त्यांच्या शाळेच्या व्हॅन आहेत. त्यांतली एक बॉनेट उघडून उभी होती आणि ते तिला टेकून मावा चोळत होते. ज्यांना म्हणाले त्या मंगलकाकूंवर काडीचा परिणाम झाला नव्हता. पदर कमरेला खोचलेला, हातात तळव्याएवढा आरसा, आणि तोंड चालू.

"बोलणं फुकट आहे हसमुखभाई, घ्या ऐकून," त्या मराठीतच म्हणाल्या आणि पुन्हा इंजिनाकडे वळल्या. "हां, अजून खाली. पोपटी सोडा. पोपटीच्या मागे राणी. राणीवर पांढरी रेघ आहे ना, ती. तीच. लावा."

इंजिनात कमरेपर्यंत वाकलेल्या भास्करकाकांनी मल्टीमीटरची पिन त्या वायरीला टेकवली. मीटर काकूंच्या समोर होतं.

"पाच व्होल्टला थोडं कमी. सेन्सरला जेवण मिळतंय," काकूंनी जाहीर केलं. "खाऊनपिऊन काम करत नाही, म्हणजे दोष त्याचाच. आता परत काय पाठवतो ते बघू. त्याच्या शेजारची, पांढरी."

हसमुखभाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. बाई फार बोलते, असा त्याचा अर्थ. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या त्या रस्त्यावर सगळ्यांचं तेच मत होतं: भास्करभाईचा हात सोन्याचा, पण बायको बडबडी. काम बिचारा एकटा करतो आणि ही मध्ये उभी राहून कॉमेंट्री करते. पहिल्या दिवशी माझंही तेच मत झालं.

काकू आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहायच्या. माझे वडील बँकेत, बदली होऊन सुरतेला आलेले. काकू-काका मूळचे अमळनेरकडचे, पण दोघांचीही हयात पांडेसरा आणि उधना या पट्ट्यात गेलेली. आमची ओळख लिफ्टपुरती होती. एका रविवारी त्या थेट घरी आल्या, सोफ्यावर बसल्या आणि आईला म्हणाल्या, "तुमची पोरगी मला पाहिजे."

आई दचकली. काकूंचा मुलगा नाशिकला नोकरीला होता आणि लग्नाचा होता, हे तिला माहीत होतं.

"वाचायला," काकू म्हणाल्या. "इंग्लिश शाळेतली ना ती?" मग त्यांनी मोबाइल काढून मला दाखवला. पडद्यावर एका गाडीच्या वायरिंगचा नकाशा होता. मुंगीएवढी अक्षरं आणि रेघांचं जाळं. "हे असं सगळं. पहिल्या गाड्यांना नकाशा लागत नव्हता. आता दर गाडीला शंभर वायरी आणि दर वायरीचं इंग्लिश नाव. तू वाचायचं, मी ऐकायचं. बाकी काही करायचं नाही."

माझं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण संपलं होतं, एका कंपनीच्या बोलावण्याची वाट बघत मी घरी बसले होते. बाबा म्हणाले, "जाऊ दे, तेवढीच बाहेर पडेल." मी समोरच बसले होते, पण माझ्याबद्दल बोलताना घरात कोणी मला विचारत नसे, कारण उत्तर मिळत नसे. मी शाळेत असल्यापासून अशीच. इंग्रजीत बोलायची भीती होती, मराठीत बोलायची सवय नव्हती, गुजराती समजायची पण ओठांवर येत नव्हती. तीन भाषांमध्ये गप्प बसण्यात मी तरबेज होते.

पहिल्या दिवशी मी त्यांना 'आंटी' म्हटलं.

"आंटी शाळेत ठेवून ये. मी काकू."

आणि दुसऱ्या दिवसापासून मी 'मुकीबाई'. हे नाव त्यांनी मला प्रेमाने ठेवलं की चिडवायला, हे मी कधी विचारलं नाही. अर्थातच.

पहिला दिवस सोडला तर गॅरेजला आम्ही काकूंच्या स्कूटरवरून जायचो. काका आधीच गेलेले असायचे. काकू स्कूटर चालवताना मागे वळून बोलायच्या. पुढचा ट्रक, बाजूची रिक्षा, समोर उभी राहिलेली म्हैस, कशाचाच त्यांच्या वाक्यावर परिणाम होत नसे. अशाच एका सकाळी, पर्वत पाटियाच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो असताना, त्या म्हणाल्या, "तुला एक सांगते. तुझ्या काकांना रंग दिसत नाहीत."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"लाल त्यांना काळा दिसतो. हिरवा, चॉकलेटी, केशरी, सगळं एकच. जन्मापासून. औषध नाही. कोणाला बोलायचं नाही." सिग्नल सुटला. "आता म्हणशील, मला का सांगितलं. तू बोलतच नाहीस, तुला सांगायला काय हरकत?"

मग सगळा रस्ता त्या तेच सांगत होत्या. काका ऑटो इलेक्ट्रिशियन झाले तेव्हा गाडीत असायचं काय? बॅटरी, सेल्फ, हॉर्न आणि दिवे. वायरी बोटाएवढ्या जाड आणि मोजक्या. रंग न बघता, कुठून निघाली आणि कुठे गेली हे चाचपून काम व्हायचं, आणि चाचपण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. मग इंजिनात कॉम्प्युटर आला. त्याच्यामागून सेन्सर आले. हवा किती आत जाते ते सांगणारा एक, पाणी किती तापलं ते सांगणारा एक, पाय किती दाबला ते सांगणारा एक. प्रत्येकाच्या शेपटीला केसासारख्या बारीक तीन-तीन वायरी, अंगावर रेघा असलेल्या. काका रोज घरी येऊन न जेवता झोपायला लागले. काकू तेव्हा पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये शेड जुळवायच्या कामावर होत्या. साडीचा नमुना आणि रंगवलेलं कापड शेजारी ठेवायचं आणि सांगायचं, जुळलं की नाही.

"मी म्हटलं, ह्यांच्यापाशी हात आहे, माझ्यापाशी डोळा. मिलवाल्यांना माझा डोळा कशाला देऊ?"

त्यांनी मिल सोडली. रस्त्याला सांगितलं, घरी करमत नाही म्हणून येते. आणि इंजिनापाशी उभं राहून बोलायला सुरुवात केली. नुसते रंगच बोलल्या असत्या तर लोकांना शंका आली असती. म्हणून त्या सगळंच बोलायच्या. भाजीचे भाव, जाऊबाईचं अमुक, मुलाचं तमुक, आणि त्यातच मध्ये, "हां, ती मोरपंखी, तुमच्या अंगठ्याखालची." ऐकणाऱ्याला वाटावं, बाईला राहवत नाही. बडबडी हे नाव त्यांनी कमावलेलं होतं, काकांसाठी पांघरलेलं होतं. मात्र खरं सांगायचं तर त्यांना बोलायला आवडायचंही. फार त्यागबिग होता असं मी म्हणणार नाही.

"हसमुखभाईला कळलं," त्या स्कूटर लावताना म्हणाल्या, "तर संध्याकाळपर्यंत पार कामरेजपर्यंत कळेल. रंग न दिसणाऱ्या माणसाच्या हातात वायरी कोण देणार? ह्यांना दुसरं काही येत नाही. आणि दुसरं काही करायला लावलं तर हा माणूस जगणार नाही."

एवढं एकच वाक्य त्या न हसता बोलल्या.

रंगांची नावं त्यांच्याकडे साड्यांची होती. माझ्या नकाशात 'पिंक-व्हाइट' असायचं. मी वाचायचे आणि त्या काकांना सांगायच्या, राणीवर पांढरी रेघ. हलका हिरवा म्हणजे अंगूरी, त्याहून कडक तो पोपटी. आकाशी वेगळा, फिरोजी वेगळा, मोरपंखी वेगळा, आणि या तिघांना 'ब्लू' म्हणणारा माणूस त्यांच्या मते अर्धा आंधळा. एकदा मी नुसतं 'ब्राऊन' म्हटलं तर त्या थांबल्या. "ब्राऊन कोणता? कॉफी, चॉकलेटी, की तपकिरी?" नकाशात तेवढं लिहिलेलं नसतं, हे मी मान हलवून सांगितलं. "मग नकाशा काढणाऱ्याने कधी साडी घेतली नाही," त्या म्हणाल्या.

काकांना यातलं काहीच दिसत नव्हतं, तरी काकू त्यांना सगळे रंग पूर्ण नावानिशी सांगायच्या. नुसतं 'डावीकडून दुसरी' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. हे मी फक्त मनात म्हटलं होतं, पण त्यांनी कसं कोण जाणे ओळखलं.

"नाव घेतलं की त्यांना वाटतं दिसलं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हातातल्या आरशाचं कारणही मिलमधलंच. ट्यूबलाइटखाली जुळवलेली शेड उन्हात गेली की वेगळी निघते, हे रंगाच्या कामातल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळतं. म्हणून तिथे कापड खिडकीशी नेऊन बघतात. इंजिन खिडकीशी नेता येत नाही. म्हणून काकू ऊन इंजिनात आणायच्या. शटरच्या उजव्या बाजूने जो पट्टा आत यायचा तो आरशावर घ्यायचा आणि अचूक त्या प्लगवर सोडायचा. काळ्या, तेलकट इंजिनात तो उजेडाचा चौकोन फिरत असायचा आणि त्याच्या मागे काकांची बोटं. ढगाळ दिवशी त्या शक्यतो वायरींचं काम घेत नसत. गिऱ्हाईकाला सांगायच्या, "आज मीटरला सर्दी झालीय."

मीटर म्हणजे त्यांचं जुनं पिवळं मल्टीमीटर. त्याच्या लाल पिनेच्या वायरीला त्यांनी जरीच्या काठाची एक चिंधी गाठ मारून बांधली होती. लाल आणि काळी यांत काकांची गफलत होऊ नये म्हणून. गिऱ्हाईकांनी विचारलं तर सांगायच्या, दृष्ट लागू नये म्हणून बांधलीय.

काकांबद्दल त्या मला सारखं सांगायच्या, आणि काका तिथेच असायचे, मुकाट ऐकत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला काकांनी त्यांना साडी आणली होती. घडी उघडून दिली आणि म्हणाले, लाल तुला शोभेल. साडी शेवाळी होती. "मिलमध्ये दिवसभर शेड बघणारी बाई मी. माझ्यासमोर हा माणूस शेवाळ्याला लाल म्हणतोय. मला वाटलं चेष्टा करतोय. तोंडाकडे बघितलं तर चेष्टा नव्हती."

"मग काय केलंत?" हे मी विचारलं. मी आपणहून विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न.

"नेसले. दिवाळीभर शेवाळी नेसून फिरले. सासू म्हणाली, सणाला हा काय रंग! मी म्हटलं, लाल आहे. सासूला वाटलं सुनेचं डोकं फिरलंय."

इंजिनामधून काकांचा आवाज आला, "अजून आहे ती. लालच आहे." आणि काकू इतक्या हसल्या की आरशातलं ऊन छतभर नाचलं.

मला त्यांनी हातात पिन धरायला शिकवलं ते चहाच्या भांड्यावर. एक गाडी आली होती, सकाळी चालू व्हायची नाही आणि तापली की धूर सोडायची. कोणीतरी स्कॅनर लावून मालकाला सांगितलं होतं, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गेला, बदला. काकूंना स्कॅनरचा राग नव्हता, पण त्यावर थांबणाऱ्यांचा होता. "मशीन सांगतं पोटात दुखतंय. आपण लगेच पोट बदलायचं का?" त्यांनी काकांकडून तो सेन्सर काढून घेतला. पितळी टोक असलेला, बोराएवढा. चहाच्या टोपात पाणी घेतलं, दोऱ्याने सेन्सर त्यात लोंबकळत सोडला, त्याच्या दोन टोकांना मीटरच्या दोन पिना लावून मला धरायला दिल्या आणि गॅस पेटवला.

"बोल."

मी आकडा बघितला. "टू पॉइंट फोर."

"मोठ्याने. काका तिकडे आहेत."

"दोन पॉइंट चार!"

"हां. पाणी तापेल तसा आकडा उतरला पाहिजे. हळूहळू, जिना उतरल्यासारखा. उडी मारली तर सेन्सर खोटा. मध्येच हरवला तर सेन्सर मेला. तू फक्त बोलत राहा."

पाण्याला बुडबुडे यायला लागले. दोन. दीड. एक. आकडे उतरत होते आणि मी ते ओरडून सांगत होते, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याकडची माणसं बघत होती. पाणी खळखळायच्या बेतात आलं तेव्हा मीटर पॉइंट पंचवीसच्या आसपास होतं. एकदाही अडखळलं नव्हतं.

"सेन्सर हिरा आहे," काकूंनी निकाल दिला. "दोष त्याच्या वायरीत किंवा प्लगात. चला." प्लगाच्या आत हिरवट बुरशी निघाली. काकांनी ती खरवडली, आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. टोप घासून काकूंनी त्यातच चहा ठेवला. मी प्यायला थोडी कचरले.

"पी. सेन्सर आंघोळ करून आलेला होता," त्या म्हणाल्या.

त्यांचा मला सगळ्यात आवडलेला गुण हा की त्या कधीच 'बहुतेक' म्हणायच्या नाहीत. मी बारा वाक्यं मनात घोळवून बाराही गिळते. त्या पहिलंच वाक्य बोलायच्या, आणि चुकलं तर दुसरं. पण रंगात त्या चुकल्या असं मी कधी बघितलं नव्हतं. काकांनीही नाही. काकूंचा शब्द आला की काका कापायचे, जोडायचे. मान वर करून खात्री करायची पद्धतच त्या गॅरेजमध्ये नव्हती.

म्हणून मला जे दिसायला लागलं ते मी स्वतःशीसुद्धा धड मान्य केलं नाही. एकदा माझ्या पांढऱ्या कुर्त्याला हात लावून त्या म्हणाल्या, "क्रीम तुला छान दिसतं." मला वाटलं, धुऊन पिवळा पडला असेल. घरी आरशात बघितलं, पडला नव्हता. मग त्यांची ट्यूबलाइटशी भांडणं सुरू झाली. गॅरेजमध्ये नवी ट्यूब लावली, ती मंद म्हणून दुसरी लावली. आरशाने आणलेलं ऊनसुद्धा हल्ली धुळकट येतं म्हणायच्या. आकाशी आणि अंगूरी यांच्यात त्या एकदा क्षणभर थांबल्या. त्यांचं थांबणं कोणाला कळलं नाही, कारण त्या क्षणात त्यांनी जाऊबाईची गोष्ट घातली. मला कळलं, कारण गप्प बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं थांबणं ऐकू येतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. साखरेमुळे लवकर आलेला. हे नंतर समजलं. नंतर ऑपरेशनही झालं आणि ते उत्तम झालं. पट्टी काढल्यावर त्या म्हणे डॉक्टरच्याच शर्टाचा रंग सांगत बसल्या होत्या. काका-काकू मग मुलाकडे नाशिकला गेले, तिथेही काकांनी गॅरेज टाकलंय, आणि काकू तिथेही उभ्या राहून बोलत असणार यात मला शंका नाही. मलाही पुढे त्या कंपनीचं बोलावणं आलं. आता आमचं बोलणं फोनवर होतं, म्हणजे त्या बोलतात. पण काकू म्हटलं की मला त्या एका दुपारच्याच काकू दिसतात.

हसमुखभाईंची तीच व्हॅन पुन्हा आली होती. ओढून आणली होती. रात्री उंदरांनी इंजिनातल्या वायरी कुरतडून टाकल्या होत्या. अख्खा जुडगा तुटला होता. इकडच्या बाजूला टोकं, तिकडच्या बाजूला टोकं, आणि मध्ये बोटभर अंतर. कोणत्या टोकाला कोणतं, एवढाच प्रश्न. एरवी मीटरने ते तपासता आलं असतं, पण त्यासाठी दुसरं टोक हाती लागावं लागतं, आणि ते डॅशबोर्डच्या आत, कॉम्प्युटरच्या डब्यात होतं. ते उघडायला संध्याकाळ झाली असती. हसमुखभाईंना गाडी शाळा सुटायच्या आत हवी होती. ते घड्याळ बघत तिथेच उभे राहिले.

मी नकाशा वाचून दाखवला. सगळ्यांत नाजूक दोन वायरी होत्या. पांढरी सेन्सरचा निरोप कॉम्प्युटरकडे नेणारी, पाच व्होल्टच्या आतली. बदामी थेट बॅटरीची, बाराची. या दोघींची अदलाबदल झाली तर चावी फिरवताक्षणी कॉम्प्युटर जळणार. गाडीचा सगळ्यात महागडा डबा. मी हे मुद्दाम दोनदा वाचलं.

"कळलं, कळलं," काकू म्हणाल्या. "घ्या हो. वरून सुरू करू."

पोपटी पोपटीला लागली. राणी राणीला लागली. काका दोन्ही हातांनी टोकं शेजारी आणत होते, काकू आरसा धरून बोलत होत्या, त्यात नाशिकच्या मुलाचं नवं घर होतं, आणि सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

"आता बदामी," काकू म्हणाल्या. "डाव्या हातात धरली ना, तीच. तिची जोडी खाली आहे, उजवीकडे. हां. जोडा."

काकांच्या डाव्या हातातली वायर पांढरी होती.

मी पुढे झाले. "काकू," म्हणाले, पण इतकं हळू की ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. काकांनी दोन्ही टोकं जवळ आणली.

"भाभी, आ बदामी क्यांथी?" हसमुखभाई वाकून बघत होते. "मने तो सफेद देखाय छे."

"बदामी आहे," काकू ठामपणे म्हणाल्या.

"अरे, सफेद छे! केम भास्करभाई? तमारा हाथमां छे, तमे ज बोलो ने. सफेद के बदामी?"

काका थांबले. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या चिमटीत वायरीचं टोक होतं, त्यावर आरशातलं ऊन पडलेलं होतं, आणि ते त्याच्याकडे अशा नजरेने बघत होते की मला तिथे उभं राहवेना. पांढरं आणि बदामी तर त्यांना एरवी कदाचित ओळखूही आलं असतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना विचारायचंच सोडलं होतं. आता विचारायचं तर बायकोच्या विरुद्ध, आणि चुकलं तर सगळं उघडं. बाहेरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"बोलो ने, भास्करभाई," हसमुखभाई पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा कमी होती आणि कुतूहल जास्त. ते काकांच्या तोंडाकडे बघत होते.

मी काकूंकडे बघितलं. काहीतरी बोलतील. जाऊबाईचं, भाजीचं, काहीही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि वायरीवर वाकल्या. उजेडाचा चौकोन वायरीवरून घसरून गेला. मग घरी बोलायच्या तशा अहिराणीत, फक्त काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "माले दखाई नही राह्यनं."

काकांचे हात खाली आले नाहीत. ते तसेच थांबले, दोन टोकं दोन हातांत, कोणीतरी सांगेल म्हणून.

"शुं थयुं?" हसमुखभाई म्हणाले. "केम बधा चूप थई गया?"

मी काकूंच्या शेजारी, त्यांच्या खांद्याला खांदा लागेल अशी उभी राहिले आणि जिवाच्या आकांताने, पंक्चरवाल्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

"काकांच्या हाताच्या सावलीत कसं दिसणार काकूंना? सरका अंकल जरा, तुम्हीपण उजेडात उभे आहात. काका, डाव्या हातातली पांढरी. खालची बदामी, ती सोडा, ती नंतर. पांढरीची जोडी वर आहे, क्लिपच्या मागे. अजून वर. अजून. हां, तीच. जोडा."